पांढऱ्या फळ्याचा फोटो

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास, ताईचे आशीर्वाद.

टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मला कळतं, पण जिभेला आणि पेनाला दोघांनाही सवय जात नाही. दुकानात रफूच्या टेबलावर बसून लिहितेय. घरी लिहायला बसलं की अण्णा खांद्यावरून वाचतात. इथे निदान इस्त्रीवाल्याला माझ्या पत्रात काही रस नाही.

अण्णांची तब्येत आहे तशीच, म्हणजे वाईटच. जिने उतरणं बंद झालं. बोलताना मधेच धाप लागते आणि मग वाक्य तिथेच सोडून देतात. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघाला तर निघाला. मी त्यांना सांगितलेलं नाही, पण ते काही दूधखुळे नाहीत.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही. एका खोलीत आम्ही दोघं. मी ‘हॅलो’ म्हटलं की त्यांचं ‘काय म्हणतोय, काय म्हणतोय’ सुरू होतं, आणि फोन त्यांच्या कानाला लावला तर त्यांना ऐकू काही येत नाही. शिवाय अंतराळ संस्थेत जन्म गेलेला माणूस. कागदावर असेल तेच खरं. म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. पेपरात आलंय की संस्थेने जुन्या यानांची सगळी चित्रं वेबसाइटवर लोकांसाठी खुली केली. नुसती आकाशातली नाहीत, यान जमिनीवर होतं तेव्हाच्या चाचण्यांचीसुद्धा. ती बातमी वाचल्यापासून अण्णा हात धुऊन माझ्या मागे लागलेत.

डागाची गोष्ट तू ऐकून आहेस, पण तेव्हा तू अर्ध्या चड्डीत फिरत होतास, म्हणून अण्णांनी नीट लिहायला सांगितलंय. यानाने दूरच्या ग्रहाच्या त्या बर्फाच्या चंद्राची चित्रं पाठवली आणि प्रत्येक चित्रावर एक काळा डाग. स्वल्पविरामासारखा. भिंगाच्या आत कसलासा तंतू अडकला होता. पेपरवाल्यांनी टर उडवली, चौकशी बसली, आणि साहेबांनी ठरवलं की भिंग बसवलं अण्णांनी, तेव्हा तंतूही त्यांच्याच खोलीतून गेला. अण्णांना भिंगांच्या खोलीतून उचललं आणि सामानाच्या गोदामात टाकलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच. पुन्हा भिंगाला हात लावू दिला नाही.

अण्णांचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे. कॅमेरा हातातून सोडण्याआधी त्यांनी पांढऱ्या फळ्याचा फोटो काढला होता. प्रत्येक कॅमेऱ्याचा काढतात. फळा कोरा असतो, त्यामुळे चित्रात जे काही दिसेल ते भिंगातलं. पण चित्र जायचं टेपवर आणि टेप जायची वरच्या मजल्यावर. अण्णांना तो फोटो कधी बघायला मिळालाच नाही. चौकशीत मागितला तर साहेब म्हणाले, गरज नाही.

त्यात डाग होता की नव्हता, एवढंच त्यांना कळायला हवंय. बाकी काही मागत नाहीत, नशीब. तू फोटोंच्या धंद्यातला आहेस. शोध.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई, नमस्कार. अण्णा, तुम्हालाही.

ताई, हे अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. मधे पाणी पी, पत्र लांबलंय.

अण्णा, संग्रह सापडला. सापडला कसला, मी त्यात हरवलो. दुकान बंद झालं की आतल्या कॉम्प्युटरवर बसतो. तुमच्या यानाची चित्रं इतकी आहेत की सगळी बघायची म्हटली तर माझा उरलेला जन्म पुरणार नाही, आणि बायको घराबाहेर काढेल ते वेगळंच. काल म्हणाली, ‘चंद्रावरच पथारी टाका आता.’

पेपरात छापून आलेली देखणी चित्रं दहा-वीस. बाकीची बहुतेक कुणी दुसऱ्यांदा पाहिलीसुद्धा नसतील. कितीतरी नुसती काळी. काहींचा खालचा अर्धा भाग आलाच नाही, वाटेत कुठेतरी राहिला. काही यान वळताना हललेली. आमच्या दुकानात लोक पासपोर्टचे फोटो काढून जातात आणि न्यायला येत नाहीत, त्या खोक्यासारखं वाटतं बघताना. आणि बर्फ, अण्णा. नुसते तडेच तडे. कुणी नाही, काही नाही. मी एकट्याने बराच वेळ बघितलं की उठून दिवा लावतो.

डाग आहे. प्रत्येकावर आहे, डावीकडे वर, शेपूट खाली. आधी तो खुपायचा. आता दुसऱ्या कुठल्या यानाचं चित्र समोर आलं आणि डाग दिसला नाही की परक्याच्या घरात शिरल्यासारखं होतं.

जमिनीवरच्या चाचण्यांचा कप्पा वेगळा आहे. तिथे फार गोंधळ आहे. काय कुठल्या कॅमेऱ्याचं, कुठे काढलं, काही कळत नाही. तुमच्या फळ्याबद्दल आणखी काही आठवत असेल तर ताईला सांगा. मी शोधल्याशिवाय राहणार नाही. डाग काढणं हाच माझा धंदा आहे, लोकांच्या आजी-आजोबांच्या गालांवरची बुरशी पुसून मी घर चालवतो. एक डाग शोधणं काय अवघड आहे!

तुमचा बारक्या


२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास, आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अण्णांना ‘परक्याच्या घरात’ हे फार आवडलं. ‘माझं पोरगं लिहितं बरं,’ म्हणाले. मी इतकी वर्षं त्यांचं करतेय, मला एकदाही बरं म्हणाले नाहीत. असो.

मंगळवारी दवाखान्यात न्यावं लागलं. खुर्चीत बसवून खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांनी उचलून नेलं. ऑक्सिजन लावून परत पाठवलं. आता नळी नाकात आणि बाटली पलंगाशेजारी. मी दुकानातून अर्ध्या दिवसाने परत येते. मालकीण काही बोलत नाही, पण रफूला आलेल्या कोटांचा ढीग मुद्दाम माझ्या समोर ठेवते.

अण्णांनी सांगितलंय ते जसंच्या तसं लिहिते. पांढऱ्या फळ्याचे फोटो तीनदा निघतात. पहिला भिंगांच्या खोलीत. दुसरा हादऱ्याची चाचणी झाल्यावर, कारण हादऱ्याने काही निसटलं तर कळावं. तिसरा उड्डाणाच्या जागी, यान बंद करण्याआधी. ‘पहिला तो माझा,’ असं त्यांनी दोन वेळा म्हटलं आणि लिहून घेतलं का ते विचारलं. पुढे म्हणाले, ‘पहिल्यात नसला तर माझ्या हातून गेला नाही. पहिल्यात असला तर साहेब बरोबर.’

बारक्या, मला भीती वाटते. इतकी वर्षं त्यांना निदान शंकेचा आधार होता. असलाच डाग तर? मी त्यांना म्हटलं, कशाला हवंय आता. तर म्हणाले, ‘तू रफू केलेला कोट गिऱ्हाइकाने उलटा करून बघितला नाही तर तुला कसं वाटेल?’ मी म्हटलं, सुटले म्हणून बरं वाटेल. तर चिडले.

लवकर बघ.

ताई


८ मार्च

ताई,

या पाकिटात दोन कागद आहेत. हा आधी तू एकटीने वाच, दुकानातच. दुसरा अण्णांसमोर उघड.

सापडला. जमिनीवरच्या कप्प्यात त्यांच्या कॅमेऱ्याच्या नंबराखाली तीन पाकिटं आहेत, कॉम्प्युटरवरची. फळा एक, फळा दोन, फळा तीन. मी ‘एक’ उघडलं. राखाडी-पांढरा कोरा फळा, आणि डावीकडे वर, शेपूट खाली.

पुढची दोन पाकिटं उघडलीच नाहीत. काय बघायचं त्यात? पहिल्यातच आहे म्हटल्यावर पुढे असणारच. ताई, माझ्याने बघवेना. आपल्याला गोदामात घेऊन जायचे ते आठवलं. भिंतीला टेकून ठेवलेल्या शिड्या दाखवायचे आणि म्हणायचे, ‘इथलं सगळं माझ्या ताब्यात आहे बरं का.’ आणि आपण खूश व्हायचो. आपण मूर्ख होतो.

मी डाग काढला. माझ्यासाठी ते पाच मिनिटांचं काम. चांगल्या कागदावर छापून या पाकिटात घातलंय. त्यांच्याकडे आता उरलेत किती दिवस? त्या माणसाला सुखाने जाऊ दे. पाप असेल तर माझ्या माथी.

तुला पटत नसेल तर फोटो फाडून टाक आणि सांग की बारक्याला सापडला नाही. पण मला वाटतं तू फाडणार नाहीस.

बारक्या

(दुसरा कागद)

अण्णा, साष्टांग नमस्कार. तुमचा फोटो सापडला! पहिल्या पाकिटातच होता. सोबत पाठवलाय, तुम्हीच बघा. फळा कोरा करकरीत आहे. डागाचं नावसुद्धा नाही. साहेबांना म्हणावं, घ्या आता! तुमच्या हातून काहीही गेलेलं नाही, अण्णा. मला तुमचा फार अभिमान वाटतो, तो पहिल्यापासूनच होता, पण कधी बोललो नाही.

तुमचा बारक्या


१६ मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

आज घरीच बसून लिहितेय. अण्णा शेजारी आहेत.

तुझं पत्र आणि फोटो पोचला. अण्णांना फार आनंद झाला. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. भिंग मागितलं, भिंगातूनही बघितला. मग म्हणाले, ‘मी म्हणत नव्हतो?’ मग पुन्हा म्हणाले, ‘मी म्हणत नव्हतो?’ चेहरा एकदम मोकळा झाला. तू एवढे कष्ट घेतलेस याचं त्यांना कौतुक आहे. पोराने शेवटी बापाचं काम केलं, असं म्हणाले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. दुपारी दूध-बिस्किट खाल्लं आणि शांत झोपले.

तू आता काळजी करू नकोस आणि त्या वेबसाइटवर डोळे फोडत बसू नकोस. बायको-मुलांकडे लक्ष दे. दुकान नीट चालव.

तुझी ताई


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं आणि मी दुकानातच, गिऱ्हाइकासमोर, ढसाढसा रडलो. समोर एक बाई परवान्यासाठी फोटो काढायला बसली होती. तिला वाटलं तिचा फोटो इतका वाईट आला की काय.

तू एरवी असं गोड लिहीत नाहीस, म्हणून जरा दचकलो होतो. मग वाटलं, तूही आतून हललीस. आपण बरोबर केलं ना? मला रोज सकाळी उठल्यावर तो पुसलेला डाग दिसतो आणि मग ‘मी म्हणत नव्हतो’ आठवतं आणि बरं वाटतं. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

कळव. आणि पैसे पाठवतोय ते परत करू नकोस, ऑक्सिजनला कामी येतील. महिनाअखेर यायचा विचार आहे.

बारक्या


२ जून

बारक्या,

अण्णांचे दिवस उरकून तू परत गेलास त्याला आता पंधरवडा झाला. खोली मोठी झाल्यासारखी वाटते. बाटलीवाला येऊन बाटली घेऊन गेला, जाताना म्हणाला, ‘गरज लागली तर सांगा.’ काय बोलायचं अशा माणसाला! मी म्हटलं, बरं.

तू होतास तेव्हा माणसं सारखी येत-जात होती, आपलं धड बोलणंच झालं नाही. मलाही बोलावंसं वाटलं नाही. शेवटचे दिवस कसे गेले विचारत होतास. वाईट गेले, बारक्या. दम लागून माणूस जातो तेव्हा चांगलं असं काही नसतं. मी हात धरून होते. एवढंच.

काल पलंग आवरला. उशीखाली तू पाठवलेला फोटो होता आणि त्यांच्या जुन्या साहेबांचं पत्र होतं. हो, साहेब अजून आहेत, नव्वदी गाठली. एप्रिलमध्ये त्यांचं पत्र आलं होतं अण्णांना. ते आल्यापासून अण्णा शांत होते हे मात्र खरं. कुणावर चिडले नाहीत, माझ्यावरसुद्धा नाही.

मी परत पूर्ण दिवस दुकानात जायला लागले. घरी बसून करायचं काय.

ताई


२० जून

ताई! ताई! ताई!

बसली असशील तर बस, आणि बसली नसशील तर आधी बस.

डाग त्यांचा नव्हता!

सांगतो, सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर तू म्हणशील याचं डोकं फिरलं. परवा मला वाटलं की अण्णांच्या हातचा तो फोटो आपल्याकडे असावा, खरा, डागासकट. त्यांनी केलेलं काम ते, डाग असला म्हणून काय झालं. म्हणून पुन्हा त्या कप्प्यात गेलो. आणि या वेळी, का कोण जाणे, ‘फळा तीन’ही उघडला.

ताई, फळा तीन स्वच्छ आहे. कोरा. मी पडदा पुसला, मोठं करून बघितलं, दाणा न् दाणा तपासला. काही नाही. मग डोकंच चालेना. पहिल्यात डाग आणि तिसऱ्यात नाही? डाग काय येऊन-जाऊन असतो?

आणि मग खालच्या कडेला बोटं दिसली. कुणीतरी फळा हातात धरून उभं आहे, स्टँड आलेला नसणार. पांढरे हातमोजे. चार बोटं फळ्यावर आणि करंगळी बाजूला ताठ. अण्णांची ती करंगळी, ताई! लहानपणी मोडलेली, कप धरतानासुद्धा वळायची नाही ती. म्हणजे ‘तीन’ हाच भिंगांच्या खोलीतला. अण्णा स्वतः फळा धरून उभे आहेत आणि चित्र लख्ख आहे.

मी संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना मेल केली. चार ओळींचं उत्तर आलं. जुन्या टेपा एका खोक्यात एकावर एक ठेवलेल्या होत्या. पहिली तळाला, शेवटची वर. कॉपी करणाऱ्याने वरून उचलायला सुरुवात केली आणि हातात आली तशी नंबर देत गेला. त्यामुळे एक म्हणजे तिसरा आणि तीन म्हणजे पहिला. तसं कप्प्याच्या माहितीत लिहिलेलंही आहे. मी वाचलंच नव्हतं. दुसराही स्वच्छ आहे. डाग आला तो उड्डाणाच्या जागी, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून. अण्णांनी कॅमेरा सोडला तेव्हा त्यात काही नव्हतं!

मला नाचावंसं वाटतंय. आपण खोटं म्हणून सांगितलं ते खरं होतं. अण्णा खरं ऐकून गेले! मी मूर्खासारखा इतके महिने झुरत होतो. आणि आता साहेबांच्या पत्राचाही उलगडा झाला. नक्की त्यांनी शेवटी माफी मागितली असणार. मनात कुठेतरी त्यांनाही टोचत असणारच. म्हणून अण्णा शांत झाले. ते पत्र जपून ठेव, मला हवंय.

मी आता असं करणार आहे. तो करंगळीचा फोटो मोठा छापून चौकट करणार. त्याखाली अण्णांचे शब्द, ‘मी म्हणत नव्हतो?’ एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे, एक संस्थेला. तू फक्त एवढं कर, त्या दिवशी फोटो बघून अण्णा काय काय म्हणाले ते मला एकदा नीट लिहून पाठव. शब्द न् शब्द. मला ते हवंय.

तुझा आनंदाने वेडा झालेला
बारक्या


१ जुलै

बारक्या,

उत्तराला उशीर झाला. लिहिणारच नव्हते. तू फोन केलास तेव्हाही ‘बरं झालं, बरं झालं’ म्हणून ठेवून दिला. पण तू ते चौकटीत घालून भिंतीवर लावणार म्हणतोस. आयुष्यभर मी त्या भिंतीकडे बघत बसायचं का? नाही जमणार मला. तू शब्द न् शब्द मागितलेस, ते देते. मग माझ्यावर हवा तेवढा चीड.

तुझा दुसरा कागद मी वाचून दाखवला. फोटो दिला. अण्णांनी खिडकीशी धरून बघितला. भिंग मागितलं. मी दिलं. भिंगातून बराच वेळ बघितला, इतका की मी म्हटलं, हात दुखेल. मग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘बारक्याने रफू केलंय.’

मी म्हटलं, काहीतरीच काय. तर मला जवळ बोलावलं. ‘हे बघ. कोऱ्या फळ्यातसुद्धा बारीक दाणे असतात, कुठलेही दोन सारखे नसतात. इथे शेजारचा तुकडा उचलून वर बसवलाय. ही नक्षी इथे आहे आणि तीच परत इथे आहे. काम चांगलं आहे पोराचं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.’ माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असेल. मग म्हणाले, ‘पुसला म्हणजे होता.’

रडले नाहीत. मी रडले. ते म्हणाले, ‘माझ्याच हातून गेला तर.’ चहा केला, तो तसाच निवला. संध्याकाळी मला म्हणाले, ‘त्याला कळू देऊ नकोस मला कळलं ते. त्याला वाईट वाटेल. कागद घे, मी सांगतो.’

ते १६ मार्चचं पत्र अण्णांनी सांगितलंय, बारक्या. मी फक्त लिहिलं. ‘मी म्हणत नव्हतो’ हे त्यांनीच घालायला सांगितलं, दोनदा. म्हणाले, ‘दोनदा लिही, म्हणजे त्याला खरं वाटेल.’ दूध-बिस्किटही त्यांचंच. त्या दिवशी त्यांनी काहीही खाल्लं नव्हतं.

आता साहेबांचं. साहेबांनी माफी मागितलेली नाही. माफी मागितली ती अण्णांनी. तुझा फोटो आला त्या आठवड्यात मला संस्थेत फोन करून साहेबांचा पत्ता काढायला लावला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. नळी नाकात, चार ओळी लिहायच्या आणि पडून राहायचं. मला दाखवलं नाही, पण पाकिटात घालताना मी वाचलं. चूक माझ्या हातून झाली होती, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, मी इतकी वर्षं मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत राहिलो त्याबद्दल क्षमा असावी. असं होतं. मीच ते पोस्टात टाकलं.

उत्तर आलं ते मी वाचून दाखवलं. साहेबांनी कुणाकडून तरी टाईप करून घेतलंय, खाली सही. ‘झालं गेलं विसरून जा. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं आहे.’ अण्णांनी ते माझ्याकडून परत वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘मोठा माणूस.’ डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मग ते पत्र उशीखाली ठेवलं. म्हणून शांत होते ते.

तुला दोष देत नाही. फोटो फाड म्हणालास, मी फाडला नाही. तीन पाकिटं होती तर तिन्ही उघड, एवढं साधं माझ्याही डोक्यात आलं नाही. तिघांनी एकमेकांना जपलं आणि काय मिळवलं? जी चूक त्यांनी केलीच नव्हती, तिची माफी मागून ते गेले. आणि ती मिळाली म्हणून त्यांना बरं वाटलं.

करंगळीचा फोटो पाठव. खाली काही लिहू नकोस.

ताई